सोळा वर्षं मेजर: आयझेनहॉवरची नॉर्मंडीच्या आधीची वर्षं

पानवाटा

ड्वाइट आयझेनहॉवर म्हटलं की आपल्याला ६ जून १९४४ आठवतो. नॉर्मंडीचा किनारा, दोस्तांचा सरसेनापती, पुढे दोनदा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. मला मात्र गेले काही महिने त्याच्या आधीच्या माणसानं धरून ठेवलंय. हा माणूस १९१५ साली सेकंड लेफ्टनंट झाला. १९२० ला मेजर झाला आणि लेफ्टनंट कर्नल व्हायला १९३६ उजाडलं. सोळा वर्षं मेजर! त्यातही १९२२ च्या काटछाटीत त्याला पुन्हा कॅप्टन केलं गेलं आणि १९२४ ला मेजरकी परत मिळाली. पन्नाशी आली तरी त्यानं एकाही लढाईत तुकडी नेली नव्हती. त्याच माणसाकडे पुढे तीन वर्षांत पश्चिम युरोपातली दोस्त फौज सोपवली गेली. हे कसं झालं, यावर इथे मनापासून बोलावं म्हणून हा धागा.

घरापासून सुरुवात करतो. कॅन्सस राज्यातलं ॲबिलीन हे गाव. वडील लोणी-दुधाच्या कारखान्यात कामाला, घरात सहा मुलगे. ड्वाइट आणि त्याचा मोठा भाऊ एडगर यांनी आपसात ठरवलं की एकानं कॉलेजात जायचं, दुसऱ्यानं कमवून पैसे पाठवायचे, मग पाळी बदलायची. एडगर मिशिगनला गेला. ड्वाइट वडिलांच्याच कारखान्यात रात्रपाळी करत राहिला. एका मित्रानं सांगितलं, नौदल अकादमीची परीक्षा दे, शिक्षण फुकट होतं. तिथे वय उलटून गेलेलं निघालं. वेस्ट पॉइंटची, म्हणजे लष्करी अकादमीची, जागा मिळाली ती अशी. सैन्याची ओढ वगैरे काही नव्हती, फुकट शिक्षण हवं होतं.

त्याची आई आयडा युद्धाला पाप मानणाऱ्या पंथातली. तिनं मुलाला अडवलं नाही. जून १९११ मध्ये तो निघाला, ती घरात गेली आणि रडली. धाकटा भाऊ मिल्टन म्हणायचा की आईला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

वेस्ट पॉइंटला त्याचा जीव होता अमेरिकन फुटबॉलमध्ये. १९१२ च्या नोव्हेंबरात गुडघा असा दुखावला की खेळ कायमचा सुटला, आणि १९१५ ला पास होताना त्याच गुडघ्यापायी डॉक्टर कमिशन द्यायला कां कू करत होते. शेवटी पायदळात घेतलं. १६४ जणांत ६१ वा आला. शिस्तीचे शेरे तर फारच वाईट होते. त्याच वर्गातले ५९ जण पुढे जनरल झाले, ओमर ब्रॅडली त्यातलाच.

पहिली नेमणूक टेक्सासात, सॅन अँटोनिओला. तिथे मेमी डाउड भेटली. १ जुलै १९१६ ला लग्न झालं आणि त्याच दिवशी तो फर्स्ट लेफ्टनंट झाला. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. ह्याला वाटलं, आता फ्रान्स. पण आधी रसद अधिकारी, मग जॉर्जियात प्रशिक्षक, मग कॅन्ससात प्रशिक्षक. आघाडीवर पाठवा म्हणून अर्ज करतच राहिला, इतके की वरून ताकीद आली. अखेर रणगाड्यांच्या नव्या दलात नेमणूक झाली आणि परदेशी जायचं ठरलं. तेवढ्यात वरिष्ठ म्हणाले, तुझा हात व्यवस्था लावण्यात चांगला बसलाय, तू इथेच थांब. मार्च १९१८ मध्ये त्याला पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला धाडलं, कॅम्प कोल्ट उभा करायला. त्यानंतरही त्यानं प्रयत्न सोडले नाहीत. शेवटी जहाजावर चढायचा हुकूम हातात आला, तारीख १८ नोव्हेंबर १९१८. युद्ध थांबलं ११ नोव्हेंबरला.

मला ही वर्षं वाया गेली असं वाटत नाही. पुढे १९४४ ला जे काम त्याच्याकडे आलं, म्हणजे अपुऱ्या साधनांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो लोकांकडून एक काम करून घेणं, ते तो ह्याच नावडत्या नेमणुकांमध्ये शिकला. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त रिसालदार

पानवाटा, तुम्ही कॅम्प कोल्टवर एका ओळीत पुढे गेलात, तिथे थोडं थांबायला हवं होतं.

हा रणगाड्यांच्या प्रशिक्षणाचा तळ होता आणि सुरुवातीला तिथे एकही रणगाडा नव्हता! आयझेनहॉवरसाहेबांनी काय केलं? ट्रकच्या सपाट पाठीवर छोट्या तोफा बसवल्या आणि गाडी चालू असताना नेम धरायचा सराव करून घेतला. मशीनगनचे वर्ग काढले, तारयंत्राची शाळा काढली. उन्हाळ्यात फ्रेंच रेनॉ बनावटीचे रणगाडे आले, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ऐन भरात दहा हजारांवर माणसं त्या तळावर होती आणि साहेबांचं वय होतं सत्तावीस.

मी चिलखती दलात होतो, नगरला बरीच वर्षं पोरांना शिकवलं. गाडी हाताशी नसताना रणगाडा शिकवणं काय असतं हे मी सांगू शकतो. चार पोरांना मैदानात उभं करायचं. एक चालक, एक गनर, एक लोडर, मागे कमांडर. चौघं मिळून एक गाडी. कमांडर बोलला "डावीकडे" की चौघांनी एकदम वळायचं. पहिल्या दिवशी पोरांना लाज वाटते, मोठ्या माणसांनी आगगाडी-आगगाडी खेळल्यासारखं दिसतं. आठव्या दिवशी कमांडरनं तोंड उघडायच्या आधी पाय वळायला लागतात. मग खऱ्या गाडीत बसवलं की आवाज, धूर, अंधार ह्यात पोरगं गोंधळत नाही, कारण आपल्या जागेचं काम त्याच्या अंगात मुरलेलं असतं. वाळूच्या नकाशावर डोंगर-ओढे मांडून लढाई चालवायची तीही अशीच. जो उस्ताद हे मन लावून करतो त्याच्या पोरांची गाडी अडत नाही. लढाईत कोण गेलं आणि कोण नाही ह्यावरून सैनिकाची किंमत करू नये असं मी जबाबदारीनं सांगतो.

आणखी एक. त्या एप्रिलात गेटिसबर्गला बर्फाचं वादळ झालं. माणसं तंबूत, शेगड्या नाहीत. साहेबांनी गावातल्या दुकानांत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शेगड्या विकत घेतल्या. मंजुरीची वाट बघत बसले नाहीत. अधिकारी ओळखायचा तो असा.

मेरीलँडकर

रिसालदारसाहेब, प्रतिसाद दोनदा वाचला.

मी राहतो तिथून गेटिसबर्ग गाडीनं जेमतेम सव्वा तासावर आहे. कॅम्प कोल्ट ज्या शेतांत होता ती जागा म्हणजे १८६३ च्या लढाईत दक्षिणेच्या पिकेटच्या तुकड्या जिथून चाल करून गेल्या तेच मैदान. लोक यादवी युद्धाची स्मारकं बघायला येतात, शेकड्यांनी पुतळे आहेत. कॅम्प कोल्टची खूण रस्त्याच्या कडेला आहे, बहुतेक गाड्या तिथे थांबतही नाहीत. मी गेल्या ऑक्टोबरात थांबलो. वाळलेलं गवत, कुंपणाचे आडवे लाकडी वासे, आणि पलीकडे मका कापून नेलेलं शेत. १९१८ च्या ह्याच दिवसांत इथे इन्फ्लुएन्झाची साथ आली होती.

ती साथ हीच त्याची पहिली खरी लढाई होती असं मला तिथे उभं राहिल्यावर वाटलं. तळावर दीडशेच्या वर माणसं गेली. आजारी माणसांना वेगळ्या तंबूत हलवणं, तंबूत माणसं कमी करणं, गाव आणि तळ यांच्यातली ये-जा रोखणं, आणि मेलेल्यांच्या घरी कळवणं, हे सगळं त्याच्या माथी. वय अठ्ठावीस पुरतं. त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, १४ ऑक्टोबर १९१८ ला, त्याला हंगामी लेफ्टनंट कर्नलची बढती मिळाली होती. ऐन साथीत.

म्हातारपणी घर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं गेटिसबर्गलाच शेत विकत घेतलं, हेही सांगायला हवं. आयुष्यभर बदल्यांवर फिरलेल्या नवरा-बायकोचं ते पहिलं स्वतःचं घर.

रस्तेबांधणी

मी सार्वजनिक बांधकामात तीस वर्षं काढली, त्यामुळे माझा जीव १९१९ च्या ताफ्यात अडकलाय. युद्ध संपलं, हा निराश होऊन बसलेला, तेवढ्यात सैन्यानं ठरवलं की मोटारी आणि ट्रकचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला न्यायचा, बघू देश ओलांडता येतो का. हा स्वतःहून रणगाडा दलाचा निरीक्षक म्हणून त्यात गेला.

७ जुलै १९१९ ला निघाले, ६ सप्टेंबरला पोचले. ६२ दिवस! अंतर ३,२५१ मैल, म्हणजे सव्वापाच हजार किलोमीटर. सरासरी वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. बैलगाडीच्या दुप्पट म्हणा फार तर. पूर्वेकडे रस्ते बरे होते. इलिनॉयच्या पुढे पक्का रस्ता जवळजवळ संपलाच. लाकडी पूल ट्रकच्या वजनाखाली मोडायचे, मग ताफ्यातल्या अभियंत्यांनी ते दुरुस्त करायचे आणि पुढे जायचं. नेब्रास्कात वाळू-चिखल. युटाच्या खाऱ्या वाळवंटात चाकं रुतली तेव्हा माणसांनी दोर लावून ट्रक ओढले, आणि प्यायचं पाणी मोजून दिलं गेलं.

रस्ता खराब आहे एवढं म्हणणं सोपं असतं. त्यानं अहवालात काय लिहिलं ते मला महत्त्वाचं वाटतं. कुठला ट्रक कुठल्या जमिनीवर टिकला, हलके ट्रक जड ट्रकांपेक्षा कसे बरे पडले, चालकांना पुरतं शिकवलेलं नव्हतं, रस्ते बांधले पण देखभाल नाही. आम्ही आमच्या हाताखालच्या कनिष्ठ अभियंत्यांना हेच सांगायचो: रस्त्यावर आधी चाल, मग लिही. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यानं ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. जर्मनीतले ऑटोबान बघून त्याला ते सुचलं असं बरेच जण म्हणतात, आणि ते त्यानं स्वतःही सांगितलंय. पण सोबत १९१९ चा ताफाही त्यानं सांगितलाय. खड्ड्यात उतरून ढकललेला रस्ता माणूस विसरत नाही.

केतकीची आई

इथे सगळे हुद्दे आणि मोहिमांबद्दल बोलताय, मला घराबद्दल लिहायचंय.

त्यांचा पहिला मुलगा, डाउड ड्वाइट, लाडाचं नाव इकी. २४ सप्टेंबर १९१७ चा जन्म. बाप जॉर्जियात प्रशिक्षण देत होता, जन्माच्या वेळी जवळ नव्हता. पुढे मेरीलँडच्या कॅम्प मीडला तिघं एकत्र राहायला लागले. जुन्या बराकीचं घर केलं, स्वतःच्या हातानं फर्निचर दुरुस्त केलं. शिपायांनी इकीला मापाचा छोटा रणगाडा दलाचा गणवेश शिवून दिला, त्याला कवायतीला बरोबर न्यायचे. १९२० च्या नाताळच्या सुमारास त्याला स्कार्लेट फिव्हर झाला. घरकामाला ठेवलेल्या मुलीला तो नुकताच होऊन गेला होता, तिच्याकडून आला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. मुलाला वेगळं ठेवलं. बापाला आत जाऊ देत नव्हते, तो बाहेरून खिडकीतून हात हलवायचा. २ जानेवारी १९२१ ला मूल गेलं. सव्वातीन वर्षांचं.

मी तीस वर्षं परिचारिका होते, बालरुग्ण विभागात. काचेपलीकडे उभा राहिलेला बाप मी पाहिलाय. तो काचेवर पंजा टेकवतो आणि तसाच ठेवतो. आत मूल झोपलेलं असतं तरी हात काढत नाही. म्हणून ह्या माणसाबद्दल वाचताना माझं वाचन तिथेच थांबतं.

दर वर्षी इकीच्या वाढदिवसाला तो मेमीला फुलं पाठवायचा, आयुष्यभर. म्हातारपणी लिहिताना त्यानं ह्याला आयुष्यातली सगळ्यांत मोठी हानी म्हटलंय, आणि हे लिहिणाऱ्यानं नॉर्मंडी पाहिली होती. १९६६ ला इकीला डेन्व्हरहून ॲबिलीनला आणलं. आज तिघं शेजारी शेजारी आहेत.

मेमीचंही कुणीतरी लिहा हो. दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं, पनामाच्या जंगलात वटवाघळांच्या घरात राहायचं, पोटुशी असताना आणि पहिलं मूल गेलेलं असताना. दुसरा मुलगा जॉन १९२२ च्या ऑगस्टमध्ये झाला, ती माहेरी डेन्व्हरला गेली होती.

पानवाटा

ताई, हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला घाबरलो होतो. तुम्ही लिहिलंत ते योग्य झालं.

शंकासुर

धागा चांगला चाललाय, पण मला काही गोष्टी बोलाव्याशा वाटतात. नाहीतर ही संतचरित्राची पोथी होईल.

एक तर "सोळा वर्षं मेजर" ह्यात त्याच्या एकट्याचं दुर्दैव नाही. महायुद्धानंतर अमेरिकेनं सैन्य दीड लाखाच्या आत आणलं. बढती सेवाज्येष्ठतेनं. वरचे जागा सोडेनात, खालचे वर सरकेनात. त्याच्यासारखे कितीतरी चांगले अधिकारी मेजर म्हणूनच निवृत्त झाले, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत कारण त्यांच्या वाट्याला दुसरं महायुद्ध वेळेवर आलं नाही. हे लक्षात न घेता "नावडत्या नेमणुकांनी माणूस घडतो" म्हणणं मला पटत नाही.

दुसरं, १९२१ चं भत्त्याचं प्रकरण. इकी आयोवात नातेवाइकांकडे असतानाच्या काळासाठी त्यानं घरभाडे भत्ता उचलला, २५० डॉलर ६७ सेंट. चौकशी झाली, कोर्ट मार्शलपर्यंत गोष्ट गेली, लेखी ताशेऱ्यावर निभावलं. निभावलं ते वजनदार माणसं पाठीशी उभी राहिली म्हणून.

तिसरं मला सगळ्यांत जास्त सलतं. २८ जुलै १९३२. मंदीत होरपळलेले पहिल्या महायुद्धातले माजी सैनिक आपला कबूल केलेला बोनस आत्ता द्या म्हणून वॉशिंग्टनला येऊन झोपड्या बांधून बसले होते. सैन्यप्रमुख मॅकआर्थर सैन्य घेऊन त्यांच्यावर गेला. अश्रुधूर, घोडदळ, आणि पेटलेल्या झोपड्या. आयझेनहॉवर त्याच्या शेजारी होता. सैन्यप्रमुखानं स्वतः रस्त्यावर उतरू नये असा सल्ला दिला होता असं तो पुढे म्हणाला, ते मी खरं मानतो. पण कारवाईचं समर्थन करणारा अधिकृत अहवाल लिहून काढला तो त्यानंच.

निवृत्त रिसालदार

शंकासुर, तिसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माजी सैनिकांवर सैनिक घालणं हे कुठल्याही फौजेत काळंच पान. हुकूम होता हे खरं, अहवाल लिहिला हेही खरं.

भत्त्याबद्दल एवढंच, चौकशी चालू होती तेव्हा त्या पोराला जाऊन काही महिने झाले होते. ज्या मुलाच्या नावचा भत्ता, त्याच मुलाबद्दल कारकुनापुढे जबाब द्यायचा. चूक ती चूकच, पण कागदात हे लिहिलेलं नसतं.

पानवाटा

शंकासुर, पहिला मुद्दा मान्य. मी तो शब्द बदलतो. नेमणुकांनी माणूस आपोआप घडत नाही. ह्याला घडवणारा एक माणूस होता, आणि तो भेटला नसता तर हाही मेजर म्हणूनच निवृत्त झाला असता असं मला वाटतं. त्याचं नाव फॉक्स कॉनर.

कॅम्प मीडला ह्याचा शेजारी होता जॉर्ज पॅटन. पॅटन फ्रान्समध्ये रणगाडे घेऊन लढून, जखमी होऊन आलेला. दोघांनी मिळून एक आख्खा रणगाडा सुटा केला, शेवटच्या बोल्टपर्यंत, आणि परत जोडला. रणगाडे वेगानं, एकवटून वापरले पाहिजेत असं दोघांचं मत पडलं. आयझेनहॉवरनं १९२० साली पायदळाच्या मासिकात तसा लेख लिहिला. पायदळाच्या प्रमुखानं बोलावून सांगितलं की हे विचार चुकीचे आहेत आणि घातक आहेत, पुन्हा छापलेस तर कोर्ट मार्शल.

त्याच वर्षी शरद ऋतूत पॅटननं एका रविवारी जेवायला बोलावलं. पाहुणा होता ब्रिगेडियर जनरल कॉनर, फ्रान्समध्ये अमेरिकन फौजेचा सेनापती पर्शिंग याच्या मुख्यालयात मोहिमांचं नियोजन सांभाळलेला. जेवणानंतर त्यानं रणगाडे बघायचे आहेत म्हटलं आणि अंधार पडेपर्यंत प्रश्न विचारत बसला. पुढे त्यानं ह्याला आपल्याबरोबर पनामाला मागून घेतलं. जानेवारी १९२२ मध्ये आयझेनहॉवर कॅम्प गेलार्डला पोचला.

पनामात काम काय? कालव्याचं रक्षण. दोघं घोड्यावरून जंगलातल्या वाटा तपासत फिरायचे. कॉनरला कळलं होतं की वेस्ट पॉइंटनं ह्या माणसाच्या मनातून लष्करी इतिहास पुरता उतरवलाय, कारण तिथे तारखा आणि तुकड्यांची नावं पाठ करून घ्यायचे. त्यानं इतिहासाचं नावही काढलं नाही. आधी ऐतिहासिक कादंबऱ्या दिल्या. त्या आवडल्या म्हटल्यावर म्हणाला, मग त्या वेळी खरं काय घडलं ते वाचायला आवडेल का? मग यादवी युद्ध, गेटिसबर्ग, ग्रँट, शेरिडन. मग युद्धशास्त्रावर लिहिणारा जर्मन क्लाउझविट्झ, तो तीनदा वाचून घेतला. आणि वाचून सोडायचं नाही. रात्री शेकोटीपाशी प्रश्न: दक्षिणेचा सेनापती लीनं हा निर्णय का घेतला? त्याच्यापुढे दुसरा कुठला मार्ग होता? तो घेतला असता तर काय झालं असतं? आयझेनहॉवरनं घराच्या वरच्या पडवीत अभ्यासाची खोली केली, भिंतीवर नकाशे.

शिवाय रोजचं काम. तळाचे साधे दैनंदिन हुकूमसुद्धा कॉनरनं त्याला युद्धातल्या हुकुमाच्या रीतीनं लिहायला लावले. परिस्थिती काय, काम कुठलं, कोणी काय करायचं, रसद कशी, संपर्क कसा. रोज. तीन वर्षं.

आणि कॉनर सांगत राहिला की व्हर्सायच्या तहातच पुढचं युद्ध पेरलंय. ते मित्रराष्ट्रांनी मिळून लढावं लागेल, आणि तेव्हा वेगवेगळ्या देशांच्या फौजा एका हुकमतीखाली आणायचं कोडं ज्याला सुटेल तो उपयोगी पडेल. हे १९२२ सालचं बोलणं आहे!

एनडीएचं_स्वप्न

सगळे प्रतिसाद वाचले. मी इथे फक्त वाचणारा, आज पहिल्यांदा लिहितोय. माझं एसएसबीचं (सैन्यात अधिकारी निवडीची मुलाखत) दुसऱ्यांदा हुकलं. घरी सगळे चांगले आहेत, कुणी काही बोलत नाही, पण जेवायला बसलो की सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मला पानवाटासरांना विचारायचंय की पनामानंतर काय झालं? लगेच फरक पडला का?

पानवाटा

नाही, लगेच नाही पडला. १९२४ ला तो परत आला आणि त्याला कॅम्प मीडला पुन्हा फुटबॉलचा प्रशिक्षक केलं. लेव्हनवर्थच्या स्टाफ स्कूलला जायचं होतं, तिथे गेल्याशिवाय वरची दारं उघडत नसत. पायदळाच्या प्रमुखानं साफ नकार दिला. तेवढ्यात कॉनरचा निरोप आला: कुठलाही हुकूम आला तरी तक्रार न करता मान. आणि हुकूम आला कोलोरॅडोला, भरती अधिकारी म्हणून! कुठल्याही पायदळ अधिकाऱ्याला ती शिक्षाच वाटली असती. तो गप्प गेला. कारण असं होतं की त्या नेमणुकीनं तो पायदळाच्या यादीतून निघून दुसऱ्या विभागाच्या यादीत गेला, आणि त्या विभागाला लेव्हनवर्थच्या स्वतःच्या जागा होत्या. त्यातली एक कॉनरनं त्याला मिळवून दिली.

मग हा घाबरला. पायदळाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आपण केलेला नाही, कसं होणार? कॉनरनं उलट कळवलं की तू तीन वर्षं रोज हुकूम लिहिलेस, तुझी तयारी केव्हाच झाली आहे. पॅटननं आपल्या टिपणवह्या पाठवल्या. लेव्हनवर्थला लेनर्ड जेरो ह्या मित्राबरोबर माळ्यावर नकाशे लावून अभ्यास केला. इतर लोक रात्र रात्र जागायचे, हे दोघं ठरलेल्या वेळी दिवा घालवायचे. जून १९२६ मध्ये निकाल लागला: २४५ जणांत आयझेनहॉवर पहिला.

मधली वर्षं मी भरभर सांगतो. पर्शिंगच्या स्मारक आयोगात फ्रान्समधल्या रणभूमींची मार्गदर्शिका लिहिली, त्यासाठी तिथली जमीन पायाखालून घातली. वॉर कॉलेज केलं. वॉशिंग्टनला युद्धकाळात कारखाने कसे वळवायचे ह्याच्या योजना केल्या. मॅकआर्थरच्या हाताखाली आधी वॉशिंग्टन आणि १९३५ ते १९३९ मनिला. तिथे पैसा नाही, सामान नाही आणि फिलिपिन्सची फौज उभी करा. म्हणजे पुन्हा कॅम्प कोल्ट. पंचेचाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकला तोही तिथेच.

आणि मग १४ डिसेंबर १९४१, रविवार. पर्ल हार्बरला एक आठवडा झालेला. सैन्यप्रमुख जॉर्ज मार्शलनं त्याला बोलावून घेतलं. नियोजन विभागाचा प्रमुख तेव्हा जेरोच होता, माळ्यावरचा मित्र. मार्शलनं वीसेक मिनिटांत पॅसिफिकची अवस्था सांगितली आणि एकच प्रश्न विचारला: आपलं धोरण काय असावं? आयझेनहॉवरनं लगेच उत्तर दिलं नाही. काही तास मागून घेतले. टेबलाशी बसला, लिहून काढलं, परत गेला. फिलिपिन्स फार काळ टिकणार नाही, तळ ऑस्ट्रेलियात हवा. तरीही फिलिपिन्सला जमेल तेवढी मदत पाठवतच राहायची, कारण चीन, फिलिपिन्स, डच ईस्ट इंडिजमधले लोक आपल्याकडे बघताहेत. अपयश ते समजून घेतील, सोडून दिलं तर समजून घेणार नाहीत. मार्शलनं ते मान्य केलं. मित्रांचा विचार धरून युद्धाकडे बघायचं, हे मला त्या कागदात कॉनरचंच अक्षर वाटतं.

शंकासुर

ह्या प्रतिसादानंतर माझा पहिला मुद्दा मी थोडा मागे घेतो. संधी सगळ्यांनाच एकदम आली, १९४० नंतर फौज झपाट्यानं वाढली. त्या रविवारी ते काही तास मागायची समज मात्र सगळ्यांकडे नसती. १९३२ बद्दलचं मत कायम.

निवृत्त रिसालदार

एनडीएचं स्वप्न, बाळा, एसएसबीचं मी काही सांगू शकत नाही, मी शिपाई म्हणून भरती झालो. पण हुकूम लिहायला शिकवू शकतो. तुझ्या तालुक्याचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा मिळव. समज, उद्या पहाटे तीस पोरं तुझ्या गावातून शेजारच्या डोंगरावर न्यायची आहेत, वाटेत ओढा आहे, पाऊस आहे, एका पोराचा पाय दुखावलाय. हुकूम लिही. परिस्थिती, काम, कोणी काय करायचं, खाणं-पाणी, संपर्क. एक पान. इथे टाक, मी बघतो.

एनडीएचं_स्वप्न

रिसालदारसाहेब, लिहिला. दोनदा खोडला. दीड पान झालंय. ओढ्यावर पूल कुठे आहे ते मला नकाशात बघून कळेना, म्हणून संध्याकाळी सायकलनं जाऊन बघून आलो. पूल नाहीच, नुसता फरशीचा बांध आहे. खाली टाकतोय.

निवृत्त रिसालदार

वाचला. बघून आलास ते उत्तम केलंस. पाय दुखावलेल्या पोराबरोबर कोण थांबणार ते लिहायचं राहिलं. ते घाल, आणि सगळं मिळून एक पान कर. उद्या दुसरा देतो.